घोडेगाव परिसर: पाणी, ऊस आणि शिक्षण

घोडेगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातले बाजाराचे गाव. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाल्यावर इमामपूरचा घाट आणि पांढरीपूल मागे पडला की सुमारे ३५ किलोमीटरवर ते लागते. शनिशिंगणापूरचा रस्ता येथूनच फुटतो. घोडेश्वरी देवीचे हे गाव शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारासाठी आणि नेवासा बाजार समितीच्या कांद्याच्या उपबाजारासाठी ओळखले जाते. गावाच्या एका अंगाला घाटाकडची बरड, मुरमाड जमीन आहे, तर दुसऱ्या अंगाला प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन पसरली आहे. पाऊस दोन्हींवर सारखाच बेभरवशाचा, वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. विसाव्या शतकात या काळ्या जमिनीला धरणांचे पाणी मिळाले आणि दुष्काळासाठी ओळखला जाणारा मुलूख राज्यातला संपन्न ऊसपट्टा झाला. खनिज तेल किंवा हिरे सापडलेल्या देशांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच या पट्ट्यापुढेही उभा राहिला. निसर्गाच्या देणगीतून आलेला पैसा माणसांच्या शिक्षणात, आरोग्यात आणि कौशल्यात किती उतरतो, आणि कोणाच्या वाट्याला येतो?

एकोणिसाव्या शतकात येथील संपत्ती म्हणजे जिराईत जमीन आणि जनावरे. सरकारच्या तिजोरीचा मुख्य आधार शेतसारा होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवण्यात आली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. उरलेला पैसा मुख्यतः रस्त्यांवर जाई. जमिनीच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग खेड्यातल्या शाळेकडे वळवण्याची ही व्यवस्था कागदावर चांगली होती. प्रत्यक्षात शाळा थोड्या, शिक्षक त्याहून थोडे, आणि कुणब्याचे मूल गुरांमागे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो, पण त्यातला शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. साधनसंपत्तीचे उत्पन्न आणि माणसांची घडण यांचा हिशेब एकत्र मांडणारा हा महाराष्ट्रातला पायाभूत दस्तऐवज मानावा लागेल. पुढच्या शंभर वर्षांत ऊसपट्ट्यात जे घडले, ते तपासायची कसोटी त्यातच सापडते.

सरकारी शाळांच्या आधी आणि त्यांच्या जोडीने या भागात मिशनच्या शाळा आल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे काम सुरू केले. घोडेगावच्या पुढे याच रस्त्यावर असलेल्या वडाळा बहिरोबा येथे मिशनचे ठाणे उभे राहिले. सॅम्युअल बेकन फेअरबँक हे मिशनरी तेथे दीर्घकाळ होते. नेवासा तालुक्यातल्या महार-मांग वस्त्यांतली पहिली साक्षर पिढी या शाळांतून तयार झाली. गावच्या शाळेत ज्यांना ओसरीवरही जागा नव्हती, त्यांच्यापर्यंत अक्षरे या वाटेने पोहोचली, आणि त्यांतून शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर निघाले. या भागाच्या आर्थिक इतिहासात ही गोष्ट सहसा नोंदवली जात नाही. तिला वेगळी जागा द्यायला हवी, कारण या माणसांजवळ ना जमीन होती ना पाणी. शिक्षण एवढेच त्यांचे भांडवल होते.

१८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस पाठोपाठ आलेले दोन दुष्काळ यांनी दख्खनची शेती मोडून टाकली. त्याआधीच, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या. दुष्काळ आयोगांच्या शिफारशींनंतर सरकारने संरक्षक कालव्यांचे धोरण स्वीकारले. नफा मिळो न मिळो, दुष्काळात पीक वाचवण्यासाठी कालवे काढायचे, असा त्यामागचा विचार होता. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने त्याला बळ दिले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे २७० फूट उंचीच्या या धरणाला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन कालव्यांनी मुख्यतः संगमनेर, राहुरी आणि श्रीरामपूरकडे वळले.

कालवे झाले, पण संरक्षणाचा हेतू टिकला नाही, आणि याचे कारण धोरणातच होते. ज्वारी-बाजरी करणारा शेतकरी पाऊस बरा झाला की कालव्याचे पाणी घेत नसे. दुष्काळी वर्षात सगळे एकदम मागणी करत, आणि मग पाणी पुरत नसे. पाटबंधारे खात्याला दरवर्षी पाणीपट्टीचे ठरावीक उत्पन्न हवे होते. ते देणारे पीक एकच, ऊस. नीरा कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेली ब्लॉक पद्धत येथेही आली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी आणि त्यातल्या एका हिश्शातच ऊस, अशी ती रचना होती. पाणी अनेकांत वाटले जावे आणि जमिनीचा पोत टिकावा, असा तिचा रोख होता. हळूहळू मात्र ज्याच्याकडे खत, बैल आणि भांडवल, त्याच्याकडे ब्लॉक, अशी स्थिती झाली. अति पाण्याने चोपण जमिनी वाढल्या, आणि निचऱ्याचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग सरकारला उघडावा लागला.

पहिल्या पिढीचा ऊस स्थानिक शेतकऱ्यांनी पिकवलाच नाही म्हटले तरी चालेल. पुण्याजवळच्या सासवडहून आलेले माळी बागाईतदार खंडाने जमिनी घेऊन ऊस-गुळाची शेती करू लागले. नीरेच्या कालव्यावर त्यांनी हे तंत्र कमावले होते. लागवड, बांधणी, पेंडीचे खत, गुऱ्हाळ, गुळाची पारख हे सारे ज्ञान त्यांच्या हातात होते. जमीन स्थानिकांची, पाणी सरकारचे आणि नफा जाणकारांचा, असा तो काळ होता. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना १९२० च्या दशकात सुरू झाला. सरकारने संपादित केलेल्या आणि खंडाने मिळालेल्या हजारो एकरांवर कंपनी स्वतःच ऊस लावी. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात-शुल्काचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि पाच वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या सुमारे चौपट झाली. संरक्षणाचा लाभ साखरेला मिळाला. मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा गुळावर जगणारा छोटा बागाईतदार मात्र कर्जात बुडाला.

या सगळ्याची शास्त्रशुद्ध पाहणी धनंजयराव गाडगीळ यांनी केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांवर केलेले त्यांचे सर्वेक्षण १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. कालव्याचा लाभ पाणीपट्टीच्या आकड्यावर मोजता येत नाही, त्याने निर्माण होणारी मजुरी, वाहतूक, व्यापार आणि सरकारी उत्पन्न एकत्र धरावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. पुढे भारतात मोठ्या प्रकल्पांचा लाभ-खर्च मोजताना हीच दिशा घेतली गेली. प्रवरेच्या काठचा अनुभव अर्थशास्त्राला अशा रीतीने काही देऊन गेला.

त्याच गाडगिळांना लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी कारखान्याच्या कामात ओढले. विखे पाटलांचे औपचारिक शिक्षण अगदी थोडे होते. गावोगाव फिरून भागभांडवलासाठी शेतकऱ्यांकडून रक्कम गोळा करण्याचे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मुंबई प्रांताचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला आणि १९५० मध्ये प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. शेतकऱ्याचे पटवून देण्याचे कसब आणि विद्वानाची हिशेबाची शिस्त एका संस्थेत आली, हे प्रवरेच्या यशाचे खरे कारण. पुढे महाराष्ट्रात शेकड्यांनी सहकारी कारखाने निघाले, पण या जोडीसारखी जोडी क्वचितच जुळली.

कारखान्याने केलेला मोठा बदल पैशाच्या वाटेत होता. सभासदाच्या ऊसबिलातून टनामागे काही रक्कम परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी म्हणून कापली जाई, आणि शिक्षणनिधीसाठीही कपात होई. एकेकट्या शेतकऱ्याने शाळेसाठी पैसा दिला नसता. टनामागे थोडी कपात मात्र त्याला सोसवे, आणि लाखो टनांवर ती मोठी होई. साऱ्यावरच्या लोकल फंडाच्या पट्टीचे हे सहकारी रूप म्हणता येईल. फरक असा की ही कपात सभासदांच्या सर्वसाधारण सभेत ठरत असे. या पैशातून, सरकारी अनुदानाच्या जोडीने, परिसरात माध्यमिक शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये उभी राहिली. लोणीला १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल निघाले. श्रीरामपूरला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले, आणि त्याला रावबहादूर नारायणराव बोरावके या सासवडहून आलेल्या बागाईतदाराचे नाव आहे. खंडाच्या जमिनीवर उसाचा धडा गिरवणाऱ्या घराण्याचा पैसा पुढच्या पिढीच्या वर्गखोल्यांत आला.

संस्थांची ही फळी आधीपासून तयार होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था आणि १९१८ पासूनची नगरची जिल्हा मराठा विद्याप्रसारक संस्था यांनी खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा चालवण्याची पद्धत घालून दिली होती. स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्या ताब्यात गेले. साखरेचा पैसा या तयार चाकोरीतून वाहिला, म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

नेवासा तालुक्यापर्यंत समृद्धी आली ती मुळा धरणाने. राहुरी तालुक्यातल्या बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेले हे धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. त्याची साठवण २६ टीएमसी आहे आणि जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असे नाव आहे. उजवा कालवा राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. नेमक्या त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि पुढे १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. शहराच्या उत्पन्नातून खेड्याच्या मजुरीला पैसा देणारे हे धोरण ऊसपट्ट्याच्या धोरणाच्या उलट दिशेने जाणारे होते, आणि जिराईत भागाला त्याचा आधार मोठा होता.

पाणी येताच चित्र पालटले. सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आणि भेंड्याला ज्ञानेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एक घोडेगावच्या पश्चिमेला हाकेच्या अंतरावर, दुसरा पूर्वेकडे. दोन्हींच्या भोवती शाळा-महाविद्यालये आली. राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. ऊस, कांदा, ज्वारीच्या वाणांपासून फुले त्रिवेणी या संकरित गायीपर्यंत या विद्यापीठाचे काम शेतात दिसू लागले. ज्यांच्या आजोबांनी सासवडच्या माळ्यांना जमीन खंडाने दिली, त्यांची नातवंडे आता माती परीक्षण, ठिबक, ऊती संवर्धनाच्या भाषेत बोलू लागली. शेतीचे ज्ञान बाहेरून येऊन नफा बाहेर जाण्याचा काळ संपला. या बदलाचे मोल कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही, पण या साऱ्या इतिहासात त्याहून मोठी कमाई दुसरी नाही.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली. लोणीत अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आली, आणि जिल्ह्यातल्या इतर संस्थांनीही तोच मार्ग धरला. खेड्यातली मुले-मुली इंजिनिअर, डॉक्टर, परिचारिका झाली. त्याच वेळी दोन गोष्टी घडल्या. फी भरणारी कुटुंबे आणि न भरू शकणारी कुटुंबे यांच्यात नवी दरी पडली. आणि शिकलेली पिढी पुणे, मुंबई, नाशिककडे निघून गेली, कारण तिला सामावून घेईल असा उद्योग ऊसपट्ट्यात साखरेपलीकडे फारसा वाढला नाही. हे दुसरे दुखणे साधनसंपन्न देशांत सर्वत्र दिसते. एका जिनसेतून सहज पैसा येत राहिला की भांडवल, राजकारण आणि हुशार माणसे तिच्याभोवतीच फिरतात. अर्थशास्त्रज्ञ त्याला साधनसंपत्तीचा शाप म्हणतात. नायजेरियाच्या तेलाचा इतिहास त्याचे ठळक उदाहरण आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच हिरे सापडलेल्या बोत्स्वानाने उत्पन्नातला मोठा वाटा सरकारकडे घेऊन शाळा आणि रस्त्यांवर घातला, म्हणून त्याचे नाव वेगळे घेतले जाते. पण हिऱ्यांपलीकडचे रोजगार उभे करणे बोत्स्वानालाही जड गेले.

ऊसपट्ट्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या फडात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव आणि बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे तोडणीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला कोप्या पडतात. भल्या पहाटे तोडणी, मोळ्या बांधणे, गाडी भरणे. हंगाम चार ते सहा महिन्यांचा, म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला आणि महत्त्वाचा भाग. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो, आणि पटावर नाव असूनही दोघे शाळेबाहेर. विशेष म्हणजे नेवासा आणि पाथर्डी हे एकाच जिल्ह्याचे शेजारी तालुके. एका ठिकाणी ऊसबिलातून महाविद्यालय उभे राहते आणि शेजारच्या तालुक्यातली मुले तोच ऊस तुटेपर्यंत अक्षराला पारखी होतात. ऊसबिलातून शिक्षणासाठी होणारी कपात सभासदांच्या पैशातून होती, तिचा लाभही सभासदांच्या घराभोवती राहिला. तोडणी मजूर सभासद नव्हता. त्याच्या श्रमातून झालेल्या साखरेत त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा हिस्सा कोणत्याही नियमाने ठरलेला नव्हता. कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळा, मूळ गावातली हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ हे उपाय त्यानंतर, फार उशिरा आले.

घोडेगावच्या बाजारात या साऱ्या व्यवस्थेचे पडसाद ऐकू येतात. कारखान्याच्या ट्रॅक्टरांनी बैलगाडी हटवली, तसे खिलार बैलांचे दावे कमी झाले आणि म्हशी व संकरित गायींची उलाढाल वाढली. दुधाला १९७० पासूनच्या दुग्धमहापूर योजनेने बाजार दिला, आणि ऊस नसलेल्या घरालाही आठवड्याला हातात पैसा येऊ लागला. दुष्काळाच्या वर्षी घाटाकडची माणसे चाऱ्याअभावी दावणीची जनावरे येथे आणतात आणि पडेल त्या भावाने विकतात. जिराईत शेतकऱ्याची बचत म्हणजे गोठ्यातली जनावरे, आणि दुष्काळात ती मोडण्याची जागा म्हणजे हा बाजार. २०२२ मध्ये लम्पी आजारामुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा ही वाटही काही काळ बंद झाली.

कांद्याची गोष्ट निराळी. ऊस बारा ते अठरा महिने शेतात राहतो आणि त्याला कायद्याने किमान भाव असतो. कांदा चार महिन्यांत निघतो, पाणी कमी घेतो, पण त्याच्या भावाला आधार नाही. १९८० च्या सुमारास शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी आंदोलन केले ते याच मुद्द्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातबंदी घातली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली, त्यात घोडेगावसारख्या उपबाजारांत माल आणणाऱ्यांचे हाल झाले. पाण्याच्या दृष्टीने शहाणे पीक सरकारी धोरणाने जोखमीचे केले, आणि तहानलेल्या पिकाला हमी दिली. वि. म. दांडेकर यांचा सहभाग असलेल्या समितीने १९७९ च्या सुमारास आठमाही पाण्याची शिफारस केली होती. उसाला बारमाही पाणी देण्याऐवजी खरीप-रब्बीला आठ महिने द्यावे, म्हणजे ते अधिक शेतांना पुरेल, असे तिचे सूत्र होते. उसाच्या राजकारणापुढे ते फारसे टिकले नाही.

याच जिल्ह्यात दुसरी वाट चोखाळणारी गावेही आहेत. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली, आणि उसासारख्या पिकांवर व सिंचनासाठीच्या बोअरवेलवर ग्रामसभेने बंदी घातली. तेथे धरण नव्हते, कालवा नव्हता. पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवणारी माणसे होती. पारनेरच्या राळेगणसिद्धीने त्याआधीच हा मार्ग दाखवला होता. मोठे पाणी मिळालेल्या गावांना असा नियम स्वतःवर घालण्याची गरज वाटली नाही, कारण पाणी दूरच्या धरणातून आणि वरच्या निर्णयातून येत होते.

आता तो निर्णयही बदलला आहे. गोदावरीवर पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली नेवासा-शेवगावच्या काठच्या जमिनीही गेल्या. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातल्या सर्वांना समन्यायी वाटप बंधनकारक केले आणि प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशानंतर टंचाईच्या वर्षी भंडारदरा, मुळा आणि नाशिककडच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. नेवाशाच्या शेतकऱ्याला ते आपल्या हक्काचे पाणी गेल्यासारखे वाटते आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ते आपले पाणी परत आल्यासारखे. फडांत आता तोडणी यंत्रेही येऊ लागली आहेत. एक यंत्र अनेक कोयत्यांचे काम करते, आणि ते चालवायला प्रशिक्षित चालक व मेकॅनिक लागतात. ज्यांचे शिक्षण तोडणीच्या हंगामांनी मोडले, त्या पाथर्डी-बीडच्या तरुणांना ही कामे मिळण्यासाठी लागणारे तांत्रिक शिक्षण अजून त्यांच्या गावांपासून दूर आहे. ते देणाऱ्या संस्था बहुतेक कालव्याखालच्या, कारखान्यांच्या गावांतच आहेत.